बोटांतलं माप

"पडू दे," काका म्हणायचे.

तारेचं नवं बंडल आलं की ते कटरने त्याचा एक फेरा तोडून घ्यायचे. कमरेइतक्या उंचीवरून तो फरशीवर सोडायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत उभं राहायचं, ही त्यांची रीत. तार पडायची, थरथरायची, थोडी उघडायची आणि शांत व्हायची. काका मात्र बघतच असायचे. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव काढायचा. काका मान न वळवता म्हणायचे, "रुको भाई, अभी सोई नहीं है."

ती झोपली की मग ते वाकायचे. फेरा किती मोठा उघडला आणि त्याचं मोकळं टोक फरशीपासून किती उचललंय, एवढंच त्यांना बघायचं असायचं. टोक जास्त उचललं असेल तर तारेत पीळ राहिलाय, मशीनमध्ये ती सरळ चालणार नाही. या दोन गोष्टींना धंद्यात कास्ट आणि हेलिक्स अशी भारदस्त नावं आहेत. पण नावं मला नंतर कळली. आधी दिसलं ते दुपारच्या उजेडात फरशीवर पडलेलं एक चमकतं कडं, आणि त्याच्याकडे टक लावून बघणारा पांढऱ्या हाफशर्टातला म्हातारा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखाद्या साध्या वस्तूपुढे ती अशी काही थांबतात की आपल्यालाही थांबावंसं वाटतं, आणि घाईत असलो तर त्यांचा रागही येतो. मला दोन्ही व्हायचं.

त्यांचं नाव लिहीत नाही. "नावाने काय कळतं? माप सांगा," असं तेच म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे, कामगार दादाजी म्हणायचे. एका मोठ्या सरकारी कारखान्यात आयुष्यभर तारेची खरेदी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे मिरजेकडचे, नोकरीमुळे भोपाळला आले आणि अवधपुरीत घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून गोविंदपुऱ्यातल्या आमच्या छोट्या स्प्रिंगच्या कारखान्यात सल्लागार म्हणून यायला लागले. मी तिथे खरेदी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कुलूप असलेला खण.

राजधानी भोपाळला हलली तेव्हा माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले. मी वाढले शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये, शिकले बी. कॉम., आणि तार म्हणजे काय, तर जिच्यावर कपडे वाळत घालतात ती, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात मी ऑर्डर टाइप केली: "तार, सोळा गेज, चांगल्या प्रतीची, लवकरात लवकर."

काकांनी तो कागद तीनदा वाचला. तेव्हा ते मला अहोजाहो करायचे.

"बाई, ही ऑर्डर आहे की माहेरी लिहिलेलं पत्र?"

"का, काय झालं काका?"

"चांगल्या प्रतीची म्हणजे?"

"म्हणजे, अच्छी क्वालिटीची."

"बांधकामावर सळया बांधायची तार नरम लागते. दोन बोटांनी वळली तर ती चांगली. आपल्या स्प्रिंगची तार तशी वळली तर ती वाईट. तुमची चांगली कुठली?"

मी कागद पुन्हा वाचला.

"बरं, सोळा गेज. कुणाचं सोळा? इंग्रजी गेजचं सोळा म्हणजे एक पॉइंट सहा मिलिमीटर. अमेरिकन सोळा म्हणजे एक पॉइंट तीन. दुकानदार त्याला परवडेल ते पाठवील."

मग मी माझं अज्ञान आणखी उघडं केलं. म्हटलं, शंका असेल तर थोडी जाड मागवून घेऊ ना, अठरा गेज. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते, बाई. तुमच्या वडिलांच्या ऑफिसात ग्रेड वाढला की माणूस जाड होतो, तसं इथे नाही."

माझे वडील तेव्हा नुकतेच सेक्शन ऑफिसर झाले होते आणि खरंच जाड झाले होते. मला हसू आवरेना. काकाही हसले, आणि त्या दिवसापासून मी "अगं" झाले.

संध्याकाळपर्यंत ती एक ओळ आम्ही पाच वेळा लिहिली. स्प्रिंगसाठी की बांधायला. कडक ओढलेली की भट्टीतून नरम केलेली. व्यास मिलिमीटरमध्ये, गेजमध्ये नाही. व्यासात किती कमीजास्त चालेल. किती ताण दिल्यावर तुटली तर चालेल. वर जस्ताचा थर हवा की नको. बंडल केवढं हवं. शेवटचा कागद वाचून काका म्हणाले, "आता कळलं स्थळ कसं पाहिजे ते. नाहीतर 'मुलगी चांगली हवी' असं सांगून कुणी लग्न जमवतं का?"

ते शिकवायचे असं नव्हे, नुसते बोलायचे. चहानंतर बऱ्याचदा वीज जायची. मशीनं थांबली की कारखान्यात एकदम शांतता पसरायची, आणि छताच्या पारदर्शक पत्र्यातून पिवळसर उजेड खाली येऊन बंडलांवर बसायचा. त्या उजेडात काकांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. जाड सळई साच्याच्या भोकातून ओढली की बारीक होते, आणि प्रत्येक ओढीला आणखी कडक होत जाते. फार कडक झाली की तुटायला लागते. मग तिला भट्टीत तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. "माणूस दिवसभर राबून आला की ताठलेला असतो. रात्री नीट झोपला की सकाळी बोलण्यासारखा होतो. तसंच आहे," ते म्हणायचे. मला पेंग यायची आणि ऐकतही राहावंसं वाटायचं. त्या दिवसांत माझ्या स्वप्नात तारा यायच्या. बडा तालाबच्या पाण्यावर तारेचं एक लांबलचक कडं तरंगतंय, त्याचं एक टोक किंचित उचललेलं आहे, आणि काठावर कुणीतरी म्हणतंय, अजून झोपली नाही.

दुकानदार व्हॉट्सॲपवर तारेचे फोटो पाठवायचे. मी ते काकांना दाखवले की ते फोन हातातसुद्धा घेत नसत. "फोटोत सगळ्याच चमकतात," म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी मला अवधपुरीला जेवायला बोलावलं. दारातून आत गेले तर काकूंऐवजी आधी अंगणातली कपड्यांची तार. काकांनी तिची ओळख करून दिली: जस्ताचा थर दिलेली, दहा नंबर, सव्वातीन मिलिमीटर, घर बांधलं तेव्हापासून गंज नाही. काकू आतून म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यांना असंच भेटवतात. माझी ओळख करून द्यायचं राहिलं तरी चालतं." काकूंच्या हातची कटाची आमटी खाऊन मी दुपारभर त्यांच्या अंगणात बसले होते, आणि ती तार वाऱ्यावर बारीक आवाज करत होती.

आता बोटांचं सांगते.

काका डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तार धरायचे, किंचित फिरवायचे आणि व्यास सांगायचे. "एक पॉइंट सहा." मग मी खणातलं मायक्रोमीटर काढून मोजायचे. रेघांचं, जुनं, जड मायक्रोमीटर होतं ते. आकडे दाखवणारं नवं त्यांनी घेऊ दिलं नव्हतं, सेल संपला की मुकं होतं म्हणून. मी रेघा वाचायचे आणि म्हणायचे, "बरोबर." काका डोळे मिटलेलेच ठेवून मान डोलवायचे. रोज चारच्या चहानंतरचा हा आमचा खेळ होता. स्प्रिंगचं मशीन चालवणारे रफीकभाई पैज लावायचे, हरले की सकाळी सगळ्यांना पोहे-जलेबी. तीन वर्षांत बहुतेक वेळा पोहे-जलेबी रफीकभाईंनीच आणली.

पण काकांनी खेळ आणि काम कधी एकत्र केलं नाही. आलेला माल पास करायचा तर मायक्रोमीटरच. एकाच जागी दोनदा मोजायचं, आडवं आणि उभं, म्हणजे तार गोल आहे की चपटी तेही कळतं. मगच वहीत सही. "बोटं गप्पांसाठी," ते म्हणायचे, "कागदासाठी मायक्रोमीटर."

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकांनी डोळे मिटून तार धरली आणि म्हणाले, "दोन." मी मोजली. एक पॉइंट आठ होती.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजली. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. चेहऱ्यावर नेहमीचं ते हलकं हसू होतं, पोरांनी टाळ्या वाजवण्याआधी जादूगाराच्या चेहऱ्यावर असतं तसं. आणि मी म्हटलं, "बरोबर."

तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही. मी आजही त्या क्षणाकडे बघते तेव्हा मला तेच तोंडून निघेल असं वाटतं. एवढ्या एका गोष्टीचा त्या माणसाला अभिमान होता, आणि ती हिरावून घेणारी मी कोण? साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता. चहाचा ग्लास ते हल्ली कपड्यात न गुंडाळता धरायचे, आणि मला वाटायचं, काय हा सोशिकपणा! मी काकूंना फोन करून आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "पायाला चप्पल आहे की नाही तेसुद्धा कळत नाही त्यांना. डॉक्टर म्हणाले, हातालाही होईल. पण ते कबूल करतात का?"

मग ते रोजचंच झालं. काका आकडा सांगायचे, मी मोजायचे आणि म्हणायचे, "बरोबर." कधी खरंच बरोबर असायचं, पण बहुतेक वेळा नसायचं. रफीकभाईंना संशय आला असावा, कारण त्यांनी पैज लावणं सोडलं, आणि तरीही अधूनमधून पोहे-जलेबी आणत राहिले. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. माल मी मायक्रोमीटरनेच मोजत होते, वहीत खरं तेच लिहीत होते. खोटा फक्त चारचा खेळ होता.

मार्चमध्ये मामेबहिणीच्या लग्नाला मी चार दिवस नागपूरला गेले. खणाला सवयीने कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तारेसाठी मायक्रोमीटर कारखान्यात एकच होतं, आणि ते त्या खणात होतं.

मी हळदीत असताना इकडे दोन मिलिमीटरची तार आली. म्हणजे दोनची मागवली होती, दुकानदाराच्या गोदामातून चुकून एक पॉइंट आठची चढवली गेली होती. दुचाकीच्या स्टँडच्या स्प्रिंगा करायच्या होत्या. मशीन रिकामं होतं, रफीकभाई थांबले होते. काकांनी खण ओढून पाहिला. नंतर रफीकभाईंनी मला सांगितलं, काका बराच वेळ बंडलाजवळ उभे होते. फेरा तोडून फरशीवर टाकला, तो झोपेपर्यंत पाहिला. कास्ट ठीक होता, पीळ नव्हता. मग डोळे मिटून तार बोटांत धरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बोटांवरून वहीत लिहिलं: व्यास २.००, पास. खाली सही.

चार महिने रोज मीच तर सांगत होते, बरोबर म्हणून.

मी परत आले त्या सकाळी रफीकभाई माझ्या टेबलाशी एक स्प्रिंग घेऊन आले. "मैडम, ये स्टैंड वाली दम नहीं पकड़ रही. देखो तो."

मी खण उघडला, मोजलं, आणि पुन्हा मोजलं. तारेचा व्यास दहा टक्के कमी झाला तर स्प्रिंगचा जोर दहा टक्के कमी होत नाही, जवळजवळ एक तृतीयांश जातो. हे काकांनीच मला शिकवलं होतं. अशी स्प्रिंग स्टँडला लावली तर तो चालत्या गाडीत खाली पडू शकतो. आणि वळणावर असताना पडला तर गाडीवरचं माणूस कुठे जाईल? तीन पेट्या आदल्या दिवशीच मागच्या गल्लीतल्या स्टँडवाल्याकडे गेल्या होत्या.

काका दारात उभे होते. त्यांनी स्प्रिंग पाहिली, मायक्रोमीटर पाहिलं, मला पाहिलं.

"किती आहे?"

"एक पॉइंट आठ."

"मला दोन लागली."

मी मायक्रोमीटर खाली ठेवलं. माझा चेहरा त्यांनी बरोबर वाचला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून, काका."

"म्हणजे दिवाळीपासून माझी बोटं चुकतायत. आणि हे तुला माहीत आहे, रफीकला माहीत आहे. मलाच माहीत नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"वाटलंच असतं," ते म्हणाले. "एक दिवस वाटलं असतं. चल, पेट्या आणायच्यात."

स्टँडवाल्याकडे एका पेटीतल्या स्प्रिंगा बसवून झाल्या होत्या. आम्ही तिघं त्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसलो आणि पकडीने एकेक काढायला लागलो. आमच्या कारखान्याच्या मालकांनी फोन करून काकांना परत बोलावलं, "आप रहने दीजिए" म्हणाले, पण काका उठले नाहीत. पकड त्यांच्या हातात राहत नव्हती, म्हणून ते मला एकेक स्टँड उचलून द्यायला लागले. मध्येच मला स्टँडवर लाल डाग दिसला. पुढच्या स्टँडवरही तसाच डाग होता.

"काका, बोट कापलंय."

ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी रुमाल बांधला. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत. सगळ्या स्प्रिंगा परत येईपर्यंत ऊन उतरलं. एकही गाडी त्या स्प्रिंगा घेऊन रस्त्यावर गेली नाही, एवढं देवाने राखलं.

कारखान्यात येऊन काकांनी वही मागितली. आपली नोंद त्यांनी एका रेघेने खोडली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: "१.८०. नापास. बोटांवर विश्वास ठेवला, चूक माझी." सही केली. मी म्हटलं, "चूक माझीही आहे, लिहा ना." त्यांनी वही मिटली.

"तुझी कागदावरची नाही," ते म्हणाले. "माझी बोटं वयाने गेली. त्यावर राग धरून काय करू? पण मी डोळे मिटून बसायचो ते कुणाच्या भरवशावर?"

हे त्यांनी चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले.

महिनाअखेरीस त्यांनी येणं थांबवलं. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ वगैरे काही झालं नाही. जाताना त्यांनी माझ्या खणाची किल्ली मागितली, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "इथे राहू दे. सगळ्यांना दिसेल अशी." ती अजून तिथेच असते. कॅलेंडरं बदलतात.

मी दोन महिने अवधपुरीकडे फिरकले नाही. तो रस्ता टाळायला लागले. चारचा चहा टेबलावर निवून जायचा. शेवटी काकूंचाच फोन आला. "अगं, ये की. रोज चार वाजता दाराकडे बघतात. मला तारेतलं काय कळतं?"

पुढच्या रविवारी मी पर्समध्ये मायक्रोमीटर आणि तारेचे पाचसहा तुकडे घेऊन गेले. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, वाळलेले होते. मी एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, तार अंगठा आणि तर्जनीत धरली, फिरवली. वर कपड्यांची तार बारीक आवाज करत होती.

"दोन," ते म्हणाले.

मी मोजलं. आडवं, मग उभं.

"चूक, काका. एक पॉइंट सहा."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं आता उठून आत जातील. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं की मी ते कधी विसरणार नाही. खूप दिवसांनी कुणी हाक मारल्यावर माणूस वळून बघतो ना, तसे ते दिसत होते.

"दुसरी दे," म्हणाले.

दुसरीही चूक, तिसरीही चूक. प्रत्येक "चूक" ऐकून ते जास्तच हसायला लागले. शेवटी आम्ही दोघंही इतके हसलो की काकू हाताला पीठ लागलेल्या तशाच बाहेर आल्या. "काय झालं?" "सगळ्या चुकल्या!" काका म्हणाले, जणू पहिला नंबर आला होता.

तेव्हापासून दर रविवारी मी जायचे. ते चुकायचे आणि मी सांगायचे. त्यातच त्यांना गंमत यायला लागली. चुकण्याचेही त्यांनी प्रकार पाडले होते, जाडीकडे चुकणं आणि बारकीकडे चुकणं. कुठल्या दिवशी कुठे झुकतो, याचा ते गंभीरपणे विचार करायचे.

एका रविवारी त्यांनी तार धरली आणि म्हणाले, "एक पॉइंट दोन."

मी मोजलं. एक पॉइंट दोन होतं.

"बरोबर," मी म्हटलं.

काका सावध झाले. "खरं सांग."

"खरंच बरोबर आहे. शपथ."

"दाखव इकडे."

मी मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं, पुन्हा जवळ नेलं. त्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. साखरेने बोटांनंतर डोळे धरले होते, ते मला तेव्हा कळलं. काकू दारात उभ्या होत्या. बोटांनी कळत नव्हतं, डोळ्यांनी दिसत नव्हतं. उरला होता फक्त माझा शब्द, आणि त्याची किंमत मीच एकदा घालवली होती.

काकांनी मायक्रोमीटर सावकाश माझ्याकडे परत दिलं.

"तू म्हणालीस ना बरोबर?"

"हो, काका."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि डोळे मिटून पूर्वीसारखी मान डोलावली.

यंदाच्या थंडीत ते गेले. दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या डोळा लागला तो लागलाच. काकू म्हणतात, ऊन अंगावर होतं, चेहरा शांत होता. दिवसकार्य झाल्यावर मी कारखान्यात आले, एक फेरा तोडला आणि फरशीवर सोडला. रफीकभाईंनी मशीन बंद केलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला कुणीच काही म्हणालं नाही.

परवा रविवार होता. सवयीने पाय अवधपुरीकडे वळले. काकू अंगणात बादली घेऊन उभ्या होत्या. जुनी तार खिळ्यापाशी तुटली म्हणून त्यांनी नाक्यावरच्या दुकानातून नवी आणून लावून घेतली होती. "किती नंबरची आहे कोण जाणे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कपडे वाळत घालायची चांगली तार द्या. त्याने दिली."

मी हसले. मग डोळे मिटले आणि तार अंगठा आणि तर्जनीत धरली. गार होती, वाऱ्याने किंचित थरथरत होती. मी फिरवून पाहिलं. "सव्वातीन," मी मोठ्याने म्हटलं.

पर्समधून मायक्रोमीटर काढलं, आडवं मोजलं, उभं मोजलं. दोन पॉइंट सहा.

"बरोबर आलं का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू," मी म्हटलं, "चूक."

काकूंनी मान डोलावली आणि बादलीतून काकांचा पांढरा हाफशर्ट काढून झटकला. तो कुणालातरी द्यायचा होता, म्हणून धुतला होता. आम्ही दोघींनी मिळून तो तारेवर वाळत घातला.